कोपऱ्यातला डबा

आमच्या घरात माझ्या आजोबांचा फोटो नाही. ते हयात असताना कुणी काढला नाही आणि गेल्यावर काढता आला नाही. मतदानाच्या ओळखपत्रावर त्यांचा एक चेहरा होता, तोही इतका काळपट, की आजीनं एकदा ते कार्ड हातात घेऊन "हे कोन हाय?" असं विचारलं होतं. भिंतीवर लटकतो तो एकच फोटो, आई-आबांनी लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला. पाठीमागे रंगवलेलं सरोवर, सरोवरात दोन बदकं, आणि पुढे आई नि आबा असे ताठ उभे, जणू चौकीवर जबाब द्यायला आलेत. फोटोग्राफीवर लिहायचं म्हटल्यावर आमच्या घराण्याचा या कलेशी असलेला संबंध आधीच सांगून टाकलेला बरा. तो एवढाच.

कॉलेजची पायरी चढलेलीही घरात मीच पहिली. आबा लातूरच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांची शाळा चौथीपर्यंत. अक्षरं जोडून जोडून वाचतात, पण पोत्यावरचा आकडा मात्र लांबून ओळखतात.

आपल्या कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाच्या कपाटात एक कॅमेरा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. स्नेहसंमेलनाला तो बाहेर निघतो, हार घातलेल्या पाहुण्यांचे फोटो काढतो आणि पुन्हा वर्षभर झोपी जातो. एफ. वाय. ला असताना मी धीर करून सरांना विचारलं, मला तो शिकायला मिळेल का? सर म्हणाले, "मिळेल. पण महिनाभर हात लावायचा नाही. आधी दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघ. रोज एक. आणि वहीत दहा ओळी लिही. काय दिसतं ते लिहायचं, काय वाटतं ते नाही."

सोपं वाटलं. बसल्यावर कळलं की आपल्याला वाटतंच फार, दिसत काही नाही.

पहिला फोटो हाँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा. १९३२ साली पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनच्या मागे काढलेला. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेतोय. टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. खाली पाण्यात त्याचीच उलटी सावली, आणि मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीत एक नर्तकी तशीच उडी मारतेय. ती नर्तकी मला तिसऱ्या दिवशी दिसली! १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्याच्या इंग्रजी नावानं 'निर्णायक क्षण' ही कल्पना जगभर गेली. हा गृहस्थ लहानशा लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून हिंडायचा, म्हणजे कुणाचं लक्ष जाऊ नये. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत गांधीजींना भेटला आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. हे वाचल्यावर तर मला तो माणूस नसून प्रत्यक्ष काळच वाटू लागला.

महिना संपला, कॅमेरा हाती आला, आणि मी डबक्याच्या शोधात निघाले.

वाचक हसतील. पण ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं डबकं शोधणं ही काही लहान गोष्ट नाही. शेवटी पावसाळ्यात एस. टी. स्टँडच्या तोंडाशी एक मिळालं. पाच दिवस मी तिथं उभी होते. आमच्याकडं माणसं डबक्यावरून उडी मारत नाहीत, हे पाच दिवसांनी लक्षात आलं. म्हातारी माणसं धोतर वर धरून सरळ पाण्यातून जातात, बायका वळसा घालतात, आणि पोरं उडी मारतात ती मुद्दाम मधोमध. सहाव्या दिवशी औशाच्या गाडीनं माझा निर्णायक क्षण साधला. ओढणीत गुंडाळून कॅमेरा वाचला. मी मात्र चिखलात न्हाऊन घरी आले. गंमत म्हणजे पुढे वाचलं, की छापताना फोटो कापायला सहसा तयार नसणाऱ्या कार्तिए-ब्रेसाँनी नेमका तोच फोटो कापलेला आहे. फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून तो काढला होता आणि कडेला फळी आली होती. देवही कधी कधी कात्री वापरतात, हे मी मनात टिपून ठेवलं. नको तेव्हा ते आठवायचं होतं.

मग होमाई व्यारावाला. नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. साडी नेसून, खांद्यावर अवजड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत मंत्र्या-राजदूतांच्या गर्दीत शिरायच्या. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा, आणि पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. त्यांच्या फोटोंतून मी काय शिकले ते नेमकं सांगता येणार नाही. पण यार्डात मुलीनं कॅमेरा घेऊन शिरायचं म्हणजे आडत्यांच्या गादीवरून चार माना वळतात. त्या वळल्या की मला होमाईबाई आठवायच्या आणि मी पुढं चालायची.

आता मूळ गोष्टीकडे येते. इतका वेळ ती टाळत होते असं म्हटलं तरी चालेल.

डोरोथिया लँग ही अमेरिकन बाई. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे जन्मभर एका पायानं लंगडत चालली. सॅन फ्रान्सिस्कोत श्रीमंतांचे फोटो काढण्याचा तिचा चांगला चाललेला स्टुडिओ होता. मंदीच्या दिवसांत तो सोडून ती सरकारी खात्यासाठी रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढू लागली. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. पीक गारठून गेलेलं, काम नाही. पाटी बघून ती तशीच पुढं गेली, वीसेक मैलांवरून गाडी फिरवून परत आली, आणि दहा मिनिटांत थोडे फोटो काढून निघून गेली. त्यातलाच तो: फाटक्या तंबूतली बत्तीस वर्षांची आई, दोन पोरं तिच्या खांद्यांत तोंड लपवून, मांडीवर तान्हं, आणि तिचा हात गालापाशी, नजर कुठंतरी लांब. 'मायग्रंट मदर' या नावानं जग तो ओळखतं.

त्या फोटोवर मी दहा ओळी लिहिल्याच नाहीत. चार पानं लिहिली, आणि सगळी 'वाटतं'ची. माझ्यासमोर यार्ड होतं. मला माझा विषय सापडला होता.

दिवाळीनंतर सोयाबीनचा हंगाम जोरात होता. दुपारच्या सुट्टीत आबा थप्पीला पाठ लावून बसले होते. मी म्हटलं, "आबा, हात गालाला लावा. माझ्याकडं नका बघू. लांब बघा." त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप नेमकी गालफडावर पडली होती. मी जवळ जवळ जात सात फोटो घेतले. घरी येऊन त्यातला एक काळा-पांढरा केला. डाव्या कोपऱ्यात आबांचा जेवणाचा डबा आला होता, लाल फडक्यात बांधलेला. नजर तिकडं जात होती. हल्ली मोबाइलवर बोटानं घासलं की वस्तू पुसली जाते. मी तो डबा पुसला.

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात तो फोटो लागला. खाली मी शीर्षक दिलं, 'भूक'. दुसरा नंबर आला. परीक्षकांनी भाषणात माझं नाव घेतलं, आणि माझ्या फोटोत जगातल्या थोर छायाचित्रकारांचा संस्कार दिसतो असं म्हणाले. मी हवेतच होते.

दुसऱ्या दिवशी आबांना आग्रह करून आणलं. कॉलेजच्या फाटकाच्या आत ते पहिल्यांदाच येत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि दाढी केलेली. फोटोसमोर ते बराच वेळ उभे राहिले. बोट ठेवून खालची अक्षरं जोडली. "भू... क." मग फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मैत्रिणी आल्या, त्यांना नमस्कार केला. चहा घेतला. काही बोलले नाहीत.

घरी जाताना नाक्यावर म्हणाले, "बाई, तितं डबा हुता की गं."

मी गप्प.

"मी त्या दिवशी उपाशी नव्हतो. दीड भाकर खाऊन बसलो हुतो. तुज्या आईनं ठेचा दिलता." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "सकाळपास्नं किती कट्टे झाले, त्येचा हिशोब करत हुतो."

आवाजात राग नव्हता, हेच वाईट. आयुष्यभर पाठीवरून दुसऱ्यांचं धान्य वाहून या माणसानं एक गोष्ट कधी होऊ दिली नव्हती: घरात कुणी उपाशी झोपलं नाही. आणि त्यांच्याच पोरीनं, त्यांनीच फी भरलेल्या कॉलेजात, भिंतीवर लिहून ठेवलं होतं की हा माणूस भुकेला आहे. तेही त्यांच्या पुढचा डबा काढून घेऊन.

आठ दिवस कॅमेरा हातात घेतला नाही. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला लँगबाईंच्या फोटोची पुढची गोष्ट वाचायला दिली. मी अर्धीच वाचून धावले होते. त्या आईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. लँगनं तिला नाव विचारलंच नव्हतं. हे तिनं स्वतःच १९६० साली लिहून ठेवलंय. म्हणून बेचाळीस वर्षं जगाला ते माहीत नव्हतं. १९७८ साली एका बातमीदारानं तिला शोधून काढलं, तेव्हा ती संतापलेली होती. हा फोटो काढला नसता तर बरं, असं ती म्हणाली. लँगच्या टिपणांत होतं की त्या कुटुंबानं पोटासाठी गाडीची टायरं विकली. घरच्यांनी पुढं सांगितलं की टायरं कुणी विकली नव्हती. गाडी बिघडली होती, आणि ती दुरुस्त करून आणायला माणसं गावात गेली होती. फोटो वर्तमानपत्रात झळकल्यावर सरकारनं त्या तळावर वीस हजार पौंड धान्य-अन्न पाठवलं. तोवर हे कुटुंब तिथून हललेलं होतं. आणि एक बारीकसा तपशील. मूळ फोटोत उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आलाय. लँगला तो खुपायचा. तिनं पुढं निगेटिव्हवर तो पुसून घेतला.

तो अंगठा वाचला आणि मी वही मिटली.

लँग खोटी होती असं मला म्हणायचं नाही. त्या तळावर भूक होती, आणि तिच्या फोटोमुळं अन्न आलं, हेही खरंच. थॉम्प्सनबाई १९८३ साली आजारी पडल्या तेव्हा त्या फोटोमुळंच लोकांनी पैसे आणि पत्रं पाठवली, आणि त्यानंतर मुलांनाही त्या फोटोचा थोडा अभिमान वाटू लागला. हे सगळं एकाच वेळी खरं आहे. माझ्या फोटोबद्दल मात्र इतकं बोलण्यासारखं काही नाही. मी भूक बघितली नव्हती. मी एक फोटो बघितला होता, आणि तो आबांच्या अंगावर घातला होता. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालावा तसा.

मग थोर लोकांचे फोटो बघूच नयेत का? मी हे सरांना जरा रागानंच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, सुधारक ओलवे यांची छायाचित्रं पुढं ठेवली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची. गटारात उतरलेली माणसं, आणि त्यांच्या घरातलीही. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते फोटो बघून अंगावर काटा येतो, पण आपण कुणाचं काही चोरून बघतोय असं वाटत नाही. या माणसाची तिथं ये-जा असणार, हे फोटोतच दिसतं. या वेळी मी दहाच ओळी लिहिल्या. काय दिसतं ते.

पुढच्या रविवारी आबांना विचारलं, "तुमचा फोटो काढायचाय. कसा काढू?"

ते दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, "थप्पी लावताना काढ."

मला ते आधी कळलंच नाही. यार्डात वाढून मला थप्पी म्हणजे नुसता पोत्यांचा ढीग वाटायचा. आबांनी दाखवलं: खालचा थर आडवा, वरचा उभा, तोंडं आत, आणि कोपरा असा की ओळंबा लावून बघावा. चुकीची लागली तर अंगावर येते, माणूस दबतो. त्यांनी लावलेली थप्पी आजवर एकदाही पडलेली नाही. एकोणीस वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दोन तास उभी होते. पत्र्याच्या फटीतली तिरीप सरकत सरकत थप्पीच्या वरच्या कोपऱ्यावर येईपर्यंत थांबले. हे थांबणं कार्तिए-ब्रेसाँचं, आणि त्या डबक्याचं. जवळ जवळ जाणं लँगबाईंचं. ते मी सोडलेलं नाही. आबांनी शेवटचा कट्टा ठेवला, दोन्ही तळवे त्यावर थोपटले आणि माझ्याकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं. मी दाबलं. रंगीत ठेवलाय. खाली कोपऱ्यात लाल फडक्यातला डबा आहे. सरांना तो फोटो पहिल्याइतका आवडला नाही, असं मला वाटतं. माझी शैली कोणती, हे त्यांनी या लेखात लिहायला सांगितलं होतं. ते अजून मलाच कळलेलं नाही.

फोटो घरात बदकांच्या शेजारी लावलाय. आबांनी एक प्रत यार्डात नेली आणि तिथं माझी पंचाईत झाली. त्यांच्या टोळीत अकरा माणसं. प्रत्येकाला आपापला हवाय, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. कुणाला बैलासोबत, कुणाला नातीला घेऊन, एकांना काट्यावर उभं राहून. मागं पेन्सिलीनं नाव लिहून देते. सात झाले, चार राहिलेत. त्यातल्या एका काकांनी सांगून ठेवलंय, आधी दाढी करतो, मग ये.