हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आत्याचा जीव अंगठ्यात येतो. आदल्या रात्री ती हातांना खोबरेल चोळून घेते, भांड्यांना मला बसवते. सकाळी आम्ही गुढियारीच्या बाजारातून निघतो. ठोक दुकानांपुढे ट्रकमधली पोती उतरत असतात, डाळीची धूळ उन्हात तरंगते, स्टेशनाकडून गाडीची शिट्टी येते. आत्या पदर सारखा करते. सरकारदरबारी आपण अजून आहोत, एवढंच तिला सांगायचं असतं.

मशीनवर अंगठा उमटत नाही. पन्नास वर्षांच्या राखेनं रेषा झिजल्या आहेत. "अम्मा, फिर से," मशीनवरचा मुलगा म्हणतो. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते. काचेवर ओलसर गोल राहतो, बिनरेषांचा. मला तो बघवत नाही.

१९७१च्या डिसेंबरात आतोबा आघाडीवर पडल्याची तार आली, मागून त्यांची ट्रंक. तेव्हा जवानाला आघाडीवरच अग्नी देत. देह गावी आणायची रीत पडली ती १९९९च्या कारगिलपासून. आत्याच्या वाट्याला दोन गणवेश, दाढीचं सामान आणि तिनंच एका शेजारणीकडून लिहवून घेतलेली, घड्यांवर विरलेली पत्रं आली. आतोबांनी ती सगळी जपली होती.

आज युद्धात पडलेल्याच्या पत्नीला त्याच्या शेवटच्या पगाराइतकं पेन्शन मिळतं, सेवेमुळे मरण आलं तर ६० टक्के, एरवी ३०. हे आकडे मला पाठ आहेत, कारण आत्याचे कागद मीच लावते. पण तिच्या आयुष्यावर सावली पडली ती एका अटीची. विधवेनं पुन्हा लग्न केलं की पेन्शन थांबायचं, दिवंगताच्या भावाशी केलं तर मात्र चालू राहायचं. अंगणात बैठक बसली. दीर तिच्याहून लहान. वीस वर्षांची आत्या दाराआडून म्हणाली, "मी काय पेन्शनची पिशवी आहे, एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीला लावायला?" असं बोलायचं बळ तिनं कुठून आणलं असेल, हे मला अजून उमगलेलं नाही. शौर्यपदकाच्या भत्त्यावरची तशीच अट निघायला २०१७चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

त्याच वर्षी साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक लष्करात अधिकारी झाल्या. कर्नल २०१५मध्ये कुपवाड्यात पडले होते. पेपरातला त्यांचा गणवेशातला फोटो आत्यानं कापला आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. तो अजून तिथंच आहे, कडा पिवळ्या झालेला.

पहिल्या पेन्शनला आत्यानं अंगठा दिला होता. शाई तीन दिवस जाईना. तेव्हाच तिनं पाटी आणवली, आणि रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसून आपलं नाव गिरवलं. पुढं कुठंही सही मागितली की ती ताठ बसून, जीभ दातांत धरून, सावकाश करते. अर्ध्या शतकानं तिला पुन्हा अंगठ्यावर आणलं, याचं मला वाईट वाटतं.

या वर्षी मुलानं मोबाईल तिच्या चेहऱ्यासमोर धरला. "अम्मा, पलक झपकाइए." आत्यानं डोळे मिटले, उघडले. झालं.

"आणि सही?"

"लगेगा नहीं, अम्मा."

तिनं माझ्याकडून पेन घेतलं, पावती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला पूर्ण नाव लिहिलं. मागं रांग थांबून होती. शेवटची रेघ ओढून होईपर्यंत ती उठली नाही.