गाडीचा तळ

हत्यारें हातांत धरण्याचा योग आमच्या आयुष्यांत फारसा आला नाहीं. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलीं. तेवढ्या अवधींत पेन्सिलीला टोंक करण्यापलीकडे कसलेंही यंत्रकाम आमच्या हातून घडल्याचें स्मरत नाहीं. असें असतां गेल्या उन्हाळ्याच्या सुटींतले सहा आठवडे आम्ही एका मोटारीच्या पोटाशीं बसून काढले, असें सांगितलें तर आमच्या मित्रमंडळींना तें खरें वाटत नाहीं.

त्याचें असें झालें. आमचा मुलगा इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या दक्षिणेस ॲबिंग्डन गांवाजवळ राहतो. याच गांवीं १९२९ पासून १९८० पर्यंत एम. जी. मोटारींचा कारखाना होता. ‘एम. जी. बी.’ नांवाची छोटी, चपळ गाडी तेथें १९६२ सालीं निघाली आणि कारखाना मिटेपर्यंत उघड्या व बंद टपाच्या मिळून तशा पांच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. चिरंजीवांनीं शिलकेंतून १९७२ सालची, उघड्या टपाची एक तांबडी गाडी विकत घेतली होती. रंग असा कीं त्यांत तोंड पाहून घ्यावें! आम्ही पोंचलों त्याच दिवशीं त्यानें तींतून आम्हांला थेम्सच्या कांठानें फिरवून आणलें. बोलणें मात्र हवापाण्यापलीकडे गेलें नाहीं. त्याची आई वारल्यापासून, म्हणजे तीन वर्षें, आम्हां उभयतांचें बोलणें तेवढेंच उरलें होतें.

रात्रीं पाऊस झाला. सकाळीं गाडींत ओल दिसली म्हणून त्यानें पायांखालचा गालिचा उचलला. त्याखालचा जाड नमदा भिजून चिंब झाला होता आणि तळाला डांबरासारखा काळा रंग सारवलेला होता. त्यानें पेंचकस सहज टेकवला, तो मुठीपर्यंत आंत गेला. भोंकांतून खालची जमीन दिसूं लागली. आदल्या दिवशीं आमचे पाय नेमके त्याच जागीं होते!

मग खरवडणें सुरू झालें. रंगाखालीं लांबी, लांबीखालीं काचतंतूंचें कापड, त्याखालीं कोणीं तरी एके काळीं चिकटविलेला पत्र्याचा तुकडा आणि सर्वांत शेवटीं चिमटींत चुरगळणारा तपकिरी भुगा. विकणारानें गाडी दुरुस्त केली नव्हती. पाहण्याजोगी केली होती. चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना तिकडे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाहीं. त्यामुळें तिच्या तळाकडे वांकून पाहण्याचा प्रसंग अलीकडे कोणावर आला नसावा.

“वरून एक नवा पत्रा ठोकला तर नाहीं कां भागणार?” आम्ही विचारलें. मुलगा हंसला. पूर्वीच्या मोटारींना खालीं भक्कम सांगाडा असे व त्यावर धड बसवीत. या गाडींत पत्र्यांचें जोडकाम हाच सांगाडा. त्यांतून वर टप नाहीं. तेव्हां सारा ताण पेलतात त्या दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ तुळया आणि त्यांना जोडलेला तळ. हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. तें चाकांनीं उडून सांध्यांत शिरतें. लोखंड, पाणी आणि प्राणवायु एकत्र आले कीं गंज ठरलेला; मिठानें त्याला वेग येतो. शिवाय गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या मध्यें तो फुगतो आणि जोड उकलतो. बाहेरचा रंग तोंवर चकचकीतच असतो.

आधीं पेट्रोलची टांकी उतरविली, आसनांमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या काढल्या. दाराच्या चौकटींत लोखंडी पट्ट्या जोडून धड ताठ धरलें. तसें न करतां तुळई कापली तर धड मध्यें लचकतें आणि दार पुन्हां नीट बसत नाहीं. मग तो कापूं लागला. विजेरी धरणें आणि पाण्याची बादली घेऊन ठिणग्यांवर लक्ष ठेवणें, हें काम आमच्याकडे. आम्ही दर वेळीं म्हणावें, “आतां पुरे,” आणि त्यानें बोटभर आणखी कापावें. “स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापायलाच हवं, बाबा. गंजाला टांका बसत नाहीं. नुसतं भोंक पडतं.”

थोड्या वेळानें यंत्र थांबलें. गाडीखालूनच त्यानें विचारलें, “आईचं दुखणं तुम्हांला केव्हां कळलं होतं?”

हा प्रश्न आम्ही तीन वर्षें चुकवीत आलों होतों. त्या वेळीं दर रविवारीं फोनवर आम्ही त्याला सांगत असूं कीं, थोडा अशक्तपणा आहे, बाकी सर्व ठीक. तो आला तेव्हां सारें आटोपलें होतें. तिचीच तशी इच्छा होती, असें आम्ही मागाहून सर्वांना सांगितलें; पुष्कळदां सांगितल्यानें आम्हांलाही तें खरें वाटूं लागलें होतें. त्या दिवशीं मात्र आम्ही सांगितलें कीं, चार महिने आधीं कळलें होतें. तिनें त्याला बोलावण्याविषयीं दोनदां विचारलेंही होतें. त्याची नोकरी नवी, त्याला घाबरवूं नये, हा निर्णय आमचा होता.

तो कांहीं बोलला नाहीं. पुढचे दोन दिवस त्यानें आम्हांला शेडमध्यें बोलाविलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहा ठेवतां ठेवतां म्हणाला, “बाबा, विजेरी धरायला येतां ना?”

नवा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. सलग सांधा ओढला तर उष्णतेनें तो वांकतो. म्हणून येथें एक टांका, हातभर दूर दुसरा, मग निवूं द्यावयाचें, मग मधली जागा. कारखान्यानें जेथें ठिपक्याठिपक्यांनीं जोड दिला होता, तेथें वरच्या पत्र्यास भोंकें पाडून तीं वितळलेल्या तारेनें भरावयाचीं. एवढ्याशा सांध्याला एक सकाळ लागे. पत्रा निवेपर्यंतच्या त्या वेळांत तो एकेक गोष्ट विचारी आणि आम्ही सांगत असूं. एकदां तो म्हणाला, “हें तुम्ही करायला नको होतं.” नको होतें, असें आम्हीही म्हणालों. त्यावर दुसरें उत्तर नव्हतें.

शेवटीं सांध्यांना लुकण आणि पोकळींत पातळ मेण. तुळईच्या बुडाशीं बारीक फटी होत्या. त्याही आम्ही हौसेनें बुजवूं लागलों. त्यानें हात धरला. “त्या राहूं द्या. पाणी आंत जायचंच. त्याला बाहेर पडायला वाट हवी.”

आमच्या सुटींत एकच बाजू पुरी झाली. विमानतळावर आम्ही बसनेंच गेलों. दुसऱ्या बाजूसाठीं पुढच्या उन्हाळ्यांत आमची विजेरी मागविली आहे. गेल्या रविवारीं फोनवर आम्ही गुडघा दुखतो असें सांगितलें. “किती दिवसांपासून?” त्यानें लगेच विचारलें. ‘कालपासून’ असें ओठांवर आलें होतें. पण आम्ही दिवस मोजले आणि बरोबर आंकडा सांगितला.