परितोष कुणाचा?

'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या आरंभी येणारा धीवराचा प्रवेश बहुतेकांच्या लक्षात राहतो तो त्यातल्या विनोदामुळे. राजमुद्रा असलेली अंगठी विकताना पकडलेला कोळी, त्याला दमदाटी करणारे दोन रक्षक आणि त्यांचा वरिष्ठ. राजाकडून येते ती मृत्युदंडाची आज्ञा नव्हे, तर अंगठीच्या मोलाइतके द्रव्य. एक रक्षक असूयेने कोळ्याकडे पाहू लागतो, कोळी मुकाट्याने निम्मे द्रव्य त्यांच्या हवाली करतो आणि सारी मंडळी मैत्री साजरी करायला मद्याच्या दुकानाकडे वळतात. बक्षीस, सहकाऱ्याचा मत्सर, वाटणी आणि सामुदायिक मद्यपान! कंपन्यांच्या बक्षीस-सहलीचा सारा आराखडाच कालिदासाने चारदोन ओळींत देऊन ठेवला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

राजाने दिलेल्या अशा द्रव्याला संस्कृतात पारितोषिक म्हणतात. त्या शब्दातला परितोष मुळात देणाऱ्याचा. राजा संतुष्ट झाला म्हणून त्याने दिले. घेणारा संतुष्ट झाला की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. फारसीतून आलेल्या आपल्या 'बक्षीस' शब्दातही देणाऱ्याची कृपाच आहे. हे शब्द आपण शाळेच्या स्नेहसंमेलनापासून वापरत आलो, म्हणून त्यांतली उतरंड जाणवत नाही इतकेच.

हा विचार डोक्यात येण्याचे निमित्त माझा धाकटा मावसभाऊ. बियाणे आणि कीटकनाशके विकणाऱ्या एका कंपनीत तो वऱ्हाडातल्या विक्रीचा प्रमुख आहे. त्याच्या हाताखालची बावीस माणसे मोटारसायकलवरून तालुक्यातालुक्यांतली कृषी केंद्रे पालथी घालतात. माल टाकणे, उधारीची वसुली, हंगाम हुकला की परत येणारा माल पुन्हा डेपोत जमा करणे, हे त्यांचे वर्ष. दरसाल पहिल्या दहांना कंपनी बँकॉक-पटायाला नेई. वरिष्ठांनी यंदा 'अर्थपूर्ण' सहल आखायला सांगितली. "ताई, अर्थ हा तुझा विषय. तू सांग," म्हणून तो आमच्या घरी आला. मी हंपी किंवा अजिंठा सुचवीन, अशी त्याची अटकळ असावी. ती मी पहिल्याच चहाला मोडून काढली. सुशिक्षितांच्या आवडीची स्थळे दाखवली की सहल अर्थपूर्ण होते, हा आपल्या वर्गाचा गोड गैरसमज आहे. ज्याच्या घरात आजवर कुणाकडे पासपोर्ट नव्हता, त्याला पटायाचा शिक्का अर्थहीन वाटत नाही आणि त्याला हसण्याचा अधिकार मला नाही.

पैसेच का देऊ नयेत, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर नेमके होते. पैसे दिले की ते घराच्या हप्त्यात विरघळतात. सहल हप्त्यात वळती करता येत नाही. मला ते पटले. पण मग ती सहल त्या माणसाची हवी. प्रत्यक्षात ती असते कुणाची? चार दिवसांपैकी दोन प्रवासात जातात, तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या सभागृहात पडद्यावर पुढच्या वर्षीचे टार्गेट, आणि रात्रीच्या मेजवानीत साहेबांच्या टेबलापासूनच्या अंतरावरून प्रत्येकाचा क्रमांक कळतो.

या प्रकाराची टोके जगाने पाहिली आहेत. २००७ साली हँबुर्ग-मानहाइमर या जर्मन विमा कंपनीने आपल्या निवडक विक्रेत्यांसाठी बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात मेजवानी ठेवली. तिथे वेश्या बोलावल्या होत्या आणि कोण कुणासाठी, हे त्यांच्या मनगटावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ठरत होते. २०११ साली ते वृत्तपत्रांतून उघड झाले. येथे बक्षीस म्हणून माणसेच वाटली गेली. दुसरे उदाहरण सभ्य आहे, पण मला अधिक अस्वस्थ करते. मे २०१५ मध्ये चीनच्या तिएन्स या कंपनीने आपली सुमारे ६,४०० माणसे फ्रान्सला नेली. नीसच्या समुद्रकिनारी त्यांना अशा रीतीने उभे केले की त्यांच्या देहांतून कंपनीच्या स्वप्नाविषयीचे एक इंग्रजी वाक्य तयार व्हावे. ते वाचता येत होते आकाशातूनच. आपण ज्या वाक्यातले अक्षर आहोत ते वाक्य आपल्याला वाचता येऊ नये, याहून नेमकी प्रतिमा एखाद्या कवीलाही सुचली नसती.

आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे, काहींनी शिकवलेही असेल. विली लोमन काय विकतो, हे नाटकभर कळत नाही, याची चर्चा आपण वर्गात करतो. त्याने आपल्या तरुण मालकाकडे काय मागितले, याची मात्र फारशी करत नाही. त्याला फिरती नको होती. न्यूयॉर्कमध्येच बसून करता येईल असे काम, कमी पगारावरसुद्धा, त्याला हवे होते. ज्याचे आयुष्यच रस्त्यावर गेले त्याला बक्षीस म्हणून पुन्हा बॅग भरायला लावणे यात एक विसंगती आहे, आणि ती या धंद्यात कुणाला खटकत नाही, हे नवल.

बावीसपैकी चौघांशी मी मावसभावाच्या घरी बोलले. पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मले कोठी नेऊ नका. दोन दिवस हा फोन वाजला नाही पाहिजे, बस." दुसऱ्याला बायकोला सोबत न्यायचे होते, लग्नाला अकरा वर्षे झाली, तरी तो दिवसभर नेमके काय करतो हे तिला कळलेले नाही, असे त्याचे म्हणणे. तिसरा हिशेबी निघाला. त्याचा तालुका सगळा कोरडवाहू. शेजारच्या तालुक्यात धरणाचे पाणी. तिथला गडी दरसाल पहिल्या दहांत. "पाऊस माझ्या हातात आहे का?" असे त्याने विचारले. ओलिताचा गडीही तेव्हा तिथेच बसला होता आणि बशीतल्या शेवेत त्याला एकाएकी फार रस वाटू लागला.

या शेवटच्या तक्रारीचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. रोखनोंदीची यंत्रे विकणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या जॉन पॅटरसनने प्रत्येक विक्रेत्याला त्याचे राखीव क्षेत्र आणि त्या क्षेत्रापुरता कोटा नेमून दिला. कोटा पुरा केला की शंभर गुण, आणि शंभर गुण मिळाले की मंडळात प्रवेश, मग ते दहा असोत की दोनशे. पॅटरसनच्या हाताखाली तयार झालेल्या थॉमस वॉटसनने पुढे आयबीएममध्ये हीच कल्पना 'हंड्रेड पर्सेंट क्लब' या नावाने रुजवली. पॅटरसन माणूस हुकूमशाही वृत्तीचा होता, कोट्याचा चाबूकही त्याचाच. तरी या एका बाबतीत स्पर्धा शेजाऱ्याशी न राहता स्वतःच्या कोट्याशी राहिली, हे मान्य करावे लागते.

मी मावसभावाला एक कागद लिहून दिला. पहिले दहा नकोत, आपापला कोटा पुरा करणारे सगळे यावेत, आणि कोटा ठरवताना ओलीत-कोरडवाहू हा भेद धरावा. सहलीत बैठक नको. कुटुंब सोबत असावे. एक पूर्ण दिवस काहीही न आखलेला असावा. डेपोत पोती चढवणारा आणि थकबाकीच्या वह्या सांभाळणारी कारकून बाई यांनाही न्यावे, कारण त्यांच्यावाचून कुणाचाही कोटा पुरा होत नाही. वारीचे उदाहरण द्यायचा मोह मी आवरला. वारी कुणी कुणाला बक्षीस म्हणून देत नाही.

कागदावर आणखी एक मुद्दा होता, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वऱ्हाडातले आम्ही कुणी ते विसरलेलो नाही. तेव्हा लिटरांवर गुण देऊ नयेत. कोणत्या विक्रेत्याने किती गावांत हातमोजे आणि मुखपट्टी लावून फवारा कसा मारायचा हे दाखवले, किती शेतकऱ्यांना 'यंदा याची गरज नाही' असे सांगितले, त्यावरही काही गुण असावेत. कशाबद्दल दिले, यावरच बक्षिसाचा अर्थ ठरतो. स्थळ कोणतेही असो. मावसभावाने हा मुद्दा दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, 'गरज नाही' सांगणाऱ्याला कोणती कंपनी फिरायला नेईल?"

तो मुद्दा वरपर्यंत गेलाच नाही. डेपोतली माणसेही गळाली. बाकीचे मंजूर झाले, बैठक मात्र 'अनौपचारिक गप्पा' या नावाने एका संध्याकाळी शिरलीच. जानेवारीत सतरा कुटुंबे मालवण-तारकर्लीला जाऊन आली. त्यांतल्या कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. न आखलेल्या दिवशी बहुतेक जण मुलांना घेऊन दिवसभर पाण्यात होते.

फोन नको म्हणणारे गृहस्थ बायकोला घेऊन बाजारात गेले आणि एका कृषी केंद्राच्या बाकावर जाऊन बसले. कपाशीवरच्या तुडतुड्यांत त्यांचा जन्म गेला. इथे आंब्याच्या मोहोरावरही तुडतुडेच, हे कळल्यावर दुकानदाराशी त्यांची जी गट्टी जमली ती तासभर सुटेना. दुकानदाराने दोघांना चहा पाजला. रात्री जेवताना ती बाई माझ्या भावजयीला म्हणाली, "हे एवढं बोलतात, मले माहीतच नव्हतं."