शिबिरातली सतरंजी

भिजून वाळलेल्या आणि वाळून पुन्हा भिजलेल्या सतरंजीला एक वास असतो. धुळीचा, कालच्या आमटीचा, कुणाच्या तरी वेणीतल्या खोबरेल तेलाचा, शाळेच्या बंद कपाटाचा. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक गारसर मातकट ओल, जी आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलखात जूनपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक कापडाच्या अंगात मुरलेली असते. निळे-तांबडे पट्टे विटून एकमेकांत मिसळलेली ती सतरंजी. तिच्यावर आडवं झालं की गालावर विणीचे वण उठायचे आणि सकाळी तोंड धुताना आम्ही मुली एकमेकींच्या गालांकडे बघून कुणाला झोप लागली नि कुणाला घर आठवलं ते ओळखायचो. आजही एखाद्या सभागृहाच्या जिन्याखाली गुंडाळी करून ठेवलेल्या सतरंज्यांजवळून जाताना पाय आपोआप मंदावतात. हा वास कुठल्या अत्तरवाल्याकडे मिळायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शिबिराला जायचं म्हटल्यावर घरात कुणी विशेष विरोध केला नाही. आजीने तेवढं एकच विचारलं, ‘पंगतीला शेजारी कोण बसणार?’ वडील काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पिशवीचा बंद करकचून बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तळ्याकाठी वाढलेल्या घरातही हा प्रश्न अजून माजघरात बसून होता. आजी वाईट नव्हती. मायाळू होती, तिने शेजारपाजारच्या कितीतरी बाळंतिणींची न्हाणी केली होती. पण काही प्रश्न माणसाच्या चांगुलपणाला वळसा घालून जिवंत राहतात.

शिबिर घेणाऱ्याला सगळे अण्णा म्हणत. त्यांचं भाषण मला एकही आठवत नाही. आठवतो तो रात्रीचा त्यांच्या बॅटरीचा पिवळट झोत, छताकडे वळवून धरलेला, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. दोन रांगांच्या मधून ते अनवाणी चालायचे, ओठांतल्या ओठांत पोरं मोजायचे, कुणाचं पांघरूण सरकलेलं असलं तर पायाच्या बाजूने वर ओढायचे. आणि आठवतात त्या सकाळच्या घड्या. सतरंजी झाडायला चार माणसं लागतात. एकट्याने झाडली तर धूळ आपल्याच नाकात. अण्णा प्रत्येक सतरंजीला चौघं नेमून द्यायचे, आणि नेमताना हटकून अशी चार टाळकी निवडायचे की ज्यांचं काल भांडण झालंय, किंवा ज्यांना एकमेकांची भाषा येत नाही. एक टोक शिरवळच्या पोराच्या हाती, एक माझ्या, एक कर्नाटकातून आलेल्या मुलीच्या, आणि चौथं एका लांबसडक गोऱ्या जर्मन मुलाच्या. तो मुलगा मांडी घालू शकत नसे. पंगतीला बसताना त्याचे गुडघे दोन बाजूंना ताठ उभे राहायचे, वाढपी हसायचे, तोही हसायचा. पण सतरंजीचं टोक मात्र त्याने असं काही ताणून धरलं होतं, जणू होडीचं शीडच बांधतोय. एक, दोन, तीन म्हणायला कुणाची भाषा घ्यायची यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी मान हलवून काम भागलं. धूळ उडाली, तिरप्या उन्हात क्षणभर लखलखली, आणि चौघंही शिंकलो.

त्याच शिबिरात एका संध्याकाळी अण्णा आम्हांला चवदार तळ्यावर घेऊन गेले. मला वाटलं, यात माझ्यासाठी नवं काय असणार! रोज शाळेत जाताना बघते. अण्णा पायरीवर बसले आणि गावातली एखादी घडामोड सांगावी तसं सांगू लागले. १९२७च्या मार्चमध्ये इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डोंगर-खोऱ्यांतून माणसं पायी आली, पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत, खांद्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. हजारोंचा मेळा, समोर भरलेलं तळं, आणि तिथलं पाणी घ्यायची सोय नाही. म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. खरं तर सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ साली झालेला होता, महाडच्या नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचं कागदावर लिहूनही झालं होतं. कागद कोरडाच राहिला. मग २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर मोर्चाच्या पुढे चालत आले, या पाण्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले.

जर्मन मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘ते चाळीस रुपये कुणी घेतले?’

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. तळ्याकाठी जन्म गेलेल्या आमच्यापैकी एकालाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. मला एकदम आजी आठवली. किती साधा प्रश्न! आणि किती दुरून यावा लागला.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. त्या परिषदेकडे आपण बाबासाहेबांच्या एका ओंजळीपुरतं बघतो, ते योग्यच आहे. पण त्या ओंजळीआधी गावोगाव पायपीट करून माणसं गोळा करणारे हात होते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगराध्यक्षपदावर बसून आपल्याच समाजाचा रोष पत्करणारे सुरबानाना टिपणीस. मांडव कुणी घातला, झोपायला काय अंथरलं, पोरं कुणी मोजली? सत्याग्रहानंतर मांडवात जेवणावर बसलेल्या माणसांवर जमाव तुटून पडला, अन्न मातीत गेलं. त्या मातीतल्या भाकऱ्या गोळा करणारंही कुणीतरी असेलच. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. तळ्याचा न्यायालयीन निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं.

महाडहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की माणगावच्या अलीकडे वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. झाडीत, पुतळ्यापेक्षा पोरांच्या कलकलाटाने ओळखू येणारं. तिथे शिबिरं भरतात, छावण्या होतात. गुरुजींचं स्मारक असंच हवं. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते दहा दिवस उपाशी राहिले. त्याआधी त्याच कामासाठी महाराष्ट्रभर हिंडले. १९४९ला पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न मांडलं, की प्रांतोप्रांतीच्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं. पुढच्याच वर्षी ते गेले. स्वप्न मात्र सतरंजी खांद्यावर टाकून गावोगाव फिरत राहिलं.

आणि देशाच्या वेशीबाहेरूनही हात आले. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने १९२०मध्ये फ्रान्सच्या उद्ध्वस्त गावात पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर घेतलं. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांची माणसं एकत्र घमेली उचलत होती. १९३४च्या भूकंपानंतर तोच माणूस बिहारात घरं बांधायला आला. त्याच्या संघटनेची तरुण मुलं पन्नाशीच्या दशकात बाबा आमट्यांच्या आनंदवनात राहून गेली. कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी घ्यायला वरोऱ्यातली माणसं कचरत होती तेव्हा ही परकी पोरं त्यांच्याच शेजारी जेवत होती, भिंती उभ्या करत होती. ते बघून गावाची भीती हळूहळू ओसरली, असं सांगतात. पुढे बाबांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हात! तिकडे अमेरिकेत डोरिस ॲलन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५१ साली अकरा वर्षांची मुलं वेगवेगळ्या देशांतून बोलावून एकत्र ठेवली. आणि आपल्याकडे खाकी हाफपँटीतले भाईजी, एस. एन. सुब्बराव, ज्यांनी १९७० साली राष्ट्रीय युवा योजना उभी केली आणि नव्वदी ओलांडून २०२१ साली जाईपर्यंत पोरांना निरनिराळ्या भाषांतली गाणी शिकवली.

अशा माणसांचा सत्कार आपण करतो, नाही असं नाही. ऐन मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, खांद्यावर गरम शाल घालतो. हातात नारळ देतो. अण्णांचाही एकदा झाला होता. मानपत्रात त्यांची शिबिरं, प्रशस्तिपत्रं, पाहुण्यांची नावं सगळं होतं. रात्रीच्या बॅटरीचा उल्लेख नव्हता, कोण कुणाशेजारी झोपणार आणि कोण कुणाचं ताट धुणार याचा दर संध्याकाळी ते करत ती कागदावरची मांडणीही नव्हती. अण्णा पहिल्या रांगेतून उठून मागे आले, खुर्च्या उचलायला. मला वाटतं, शिबिर घेणारा माणूस म्हणजे बहुतेक असा, ज्याला कार्यक्रम संपल्यावर घरी जाणं जमतच नाही.

आजीने आपल्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत मागितलं नाही. शिबिरातल्या त्या कानडी मुलीला मी पुढच्या सुट्टीत घरी आणलं, तेव्हा तिच्या आडनावाची चौकशी करायला आजीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिच्या पानात तूप वाढलं. मी काही बोलले नाही. वडिलांनी पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला सरकवला.

तुमच्या घरी सुट्टीत एखादं पोर मोकळं असेल तर त्याला वडघरला पाठवा, सोमनाथला पाठवा, जिथे अनोळखी मुलांशेजारी अंथरूण पडेल अशा कुठल्याही शिबिराला पाठवा. परत आल्यावर तिथे काय शिकवलं हे विचारण्याआधी, रात्री दिवा घेऊन कोण फिरत होतं ते विचारा. ते नाव कळलं की त्या माणसाला एक पत्र लिहा. शाल नको.