फ्लॅश कॉल

लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालो त्या वर्षी उन्हाळ्यात दीपनगरला ताईच्या क्वार्टरमध्ये होतो. दाजी औष्णिक वीज केंद्रात नोकरीला, भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या प्रोजेक्टचा विषय होता, कोड सगळ्यांना खुला असलेलं इंटरनेट टेलिफोनीचं सॉफ्टवेअर लष्कराला चालेल का? "मामा, तुम्ही एक्सचेंजवर बसलेले. तुम्हीच पारखा," म्हणाला.

सॉफ्टवेअर होतं अ‍ॅस्टेरिस्क. स्वतःच्या कंपनीसाठी एक्सचेंज विकत घेणं परवडेना, म्हणून मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने 1999 मध्ये ते लिहिलं. दोन रास्पबेरी पाय बोर्डांवर दोन एक्सचेंजेस उभी केली आणि मध्ये लॅपटॉप ठेवला, मुद्दाम लाइन बिघडवायला. बाहेर पारा 44 वर. बोर्डाची चिप 80 अंशांवर गेली की तो आपणहून मंदावतो, म्हणून आधी दोन्ही बोर्डांना कूलरसमोर जागा दिली.

ताईने गच्चीवरून फोन केला, "बिबडे वाळले, उचलायला या." आवाज स्वच्छ आला. भाचा खूश झाला. मग त्याने लॅपटॉपवर लाइनवरची पाकिटं पकडणारं वायरशार्क उघडलं, दोन बटणं दाबली, आणि तेच वाक्य लॅपटॉपमधून पुन्हा ऐकू आलं. बिबड्यांच्या जागी मला तोफांच्या ठिकाणांचे आकडे ऐकू आले. घशाला कोरड पडली.

आवाज कुलूपबंद करण्याची सोय, एसआरटीपी, त्यात आहे; पण ती आपण चालू करावी लागते. ती चालू केली, तर कॉल जोडणाऱ्या संदेशात किल्ली उघडीच दिसली. कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवल्यासारखं. मग तो संदेशही टीएलएसने बंद केला, तेव्हा कुठे लॅपटॉपमधून नुसती खरखर आली. कोड खुला असल्याचा मोठा फायदा इथे कळला. पेटीत काय चाललंय ते आम्हाला पाहता आलं, कोणाच्या शब्दावर विसंबावं लागलं नाही.

लाइन अरुंद केली तेव्हा आणखी एक गोष्ट उमगली. जी.729 कोडेकमध्ये आवाज सेकंदाला 8 किलोबिटांत मावतो, पण प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यांचेच सेकंदाला 16 किलोबिट होतात. मालापेक्षा बारदान दुप्पट! डोंगरातल्या रेडिओ लिंकवर हा हिशेब आधी मांडायला हवा. उपग्रहाइतका उशीर घातला, तर ताई आणि मी एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागलो. तिला म्हटलं, बोलून झालं की 'ओव्हर' म्हण. लगेच गाडी रुळावर आली.

पण माझी खरी परीक्षा वेगळीच होती. लष्करात कॉलला दर्जा असतो: रुटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश. लाइन भरलेली असली तरी फ्लॅशला वाट मिळालीच पाहिजे. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये हे आयतं सापडलं नाही. भाच्याने दोन रात्री बसून डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉल कसा जोडायचा ते ठरवणाऱ्या यादीत, नियम लिहिला: लिंकवर जागा नसेल, तर सगळ्यांत खालच्या दर्जाचा कॉल तोडायचा. मी फ्लॅश लावला, ताबडतोब लागला. भाच्याने टाळीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात ताई खोलीत आली, "माझा फोन बंद पडला रे. वायर तुटली का बघ."

मी टाळी तिथेच थांबवली. एक्सचेंजवर आम्ही आधी लाइनवर शिरून सांगायचो, मगच तोडायचो. न सांगता तुटला, तर पलीकडचा माणूस म्हणणार केबल तुटली, आणि गोळाबारात लाइनमनला तार तपासायला बाहेर पाठवणार. तार तर धड असते. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने प्रोग्रॅम पुन्हा उघडला. कॉल तुटला की लिंक त्याच क्षणी मोकळी होईल, पण ज्याचा तुटला त्याला त्याच्याच बाजूच्या एक्सचेंजवरून सूचना ऐकू येईल, अशी सोय केली. सूचना माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली.

ताईला पुन्हा फोन लावायला सांगितलं. मी फ्लॅश दाबला. गच्चीवरून तिचा आवाज आला, "वायर ठीक आहे रे. तूच सांगतोयस, फ्लॅश कॉल आहे, लाइन सोडा."