मागचं दार

नोव्हाय, मिशिगन
रविवार रात्र

चि. मनूस,


तुझी यादी मिळाली आणि तिच्या मागोमाग ताईचा फोनही आला. "तू तिचा मामा, तूच समजाव. दोन दारांची गाडी ही काय घ्यायची वस्तू आहे?" मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला. समजावणार मात्र नाही. असल्या जमिनीलगतच्या गाडीत बसायला-उठायला गुडघे धड लागतात, तेव्हा ती पंचविशीतच घ्यावी. माझी हरकत वेगळी आहे. स्पोर्टी कूप हवी, ती वापरलेली आणि परवडणारी हवी, आणि शनिवारी पहाटे तू, तुझी रूममेट आणि दोघींच्या माउंटन बाइक बोल्डरहून निघून फ्रूटा नाहीतर मोअॅब गाठणार. पहिल्या दोन अटी सहज जुळतात. तिसरी त्यांच्याशी भांडते, आणि ते भांडण नेमकं माझ्या धंद्यातलं आहे. माझा जन्म गेला गाड्यांची मागची दारं, त्यांची बिजागरं, कड्या आणि रबरं करण्यात.

वळणावर गाडीचा सांगाडा पिळला जातो. मागच्या सीटच्या पाठीशी पत्र्याची आडवी भिंत असेल आणि डिकीचं झाकण लहान असेल, तर तो सहजासहजी पिळला जात नाही. बुटांचा खोका झाकण लावून पिळून बघ, मग त्याची एक बाजू कापून पिळ, म्हणजे कळेल. सांगाडा ताठ असला की स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर आपलं काम नेमकं करतात, गाडी स्टिअरिंगला लगेच ओ देते. म्हणून स्पोर्टी गाडी आखणाऱ्याला मागची बाजू बंद हवी असते आणि सायकलवाल्याला ती सताड उघडी हवी असते. हॉर्सपॉवर, रंग, किंमत हे सगळं नंतर. आधी मागचं दार बघायचं.

आता तुझी यादी. निस्सान 350झेडला मागे काचेचं भलंमोठं वर उघडणारं दार आहे. फोटो बघून तुला वाटलं असेल, झालं काम! ते दार उघड. सामानाच्या जागेतच, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, एक जाडजूड आडवी पट्टी ठोकलेली दिसेल. ती शोभेची नाही. दार मोठं केल्यामुळे जो ताठपणा गेला तो त्या पट्टीने भरून काढलाय. पुढच्या 370झेडमध्ये निस्सानने ती पुढे, सीटच्या पाठीशी सरकवली, पण 350झेडमध्ये ती सायकलीच्या बरोबर आडवी येते. त्यात गाडी दोनच सीटची, मागे आडवं करायला काहीच नाही. ही यादीतून काढ.

मस्टँगची डिकी साडेतेरा घनफुटांची आहे, आकडा वाईट नाही. पण घनफूट हे पाण्याचं माप, सायकल काही ओतता येत नाही. झाकणाचं तोंड अरुंद आणि सीट आडवी केली तरी मधली खिडकी लहानच. गंमत म्हणजे 1993 पर्यंत मस्टँग मागच्या मोठ्या दारासकटही मिळायची. 1994 ला नवीन गाडी आली आणि ते दार गेलं.

राहिली 2017 ची टोयोटा 86. तुझा जीव हिच्यावर आहे हे अक्षरावरून कळतंय. गाडी खरोखर गोड आहे. हलकी, मागची चाकं फिरवणारी, हाताने गिअर टाकायची. डिकी जेमतेम सात घनफूट. मागच्या सीटची पाठ अख्खी आडवी पडते, आणि शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने जाणाऱ्यांना बदलीची चार चाकं आत मावतील एवढी जागा टोयोटाने मुद्दाम राखली. त्यात एक सायकल दोन्ही चाकं काढून, थोडी मनधरणी करून, बसते. दुसरी नाही बसत. एकटीच जाणार असशील तर घे, माझं काही म्हणणं नाही. पण मग रूममेटला काय सांगशील?

वेग आणि सामान यांचं हे भांडण जुनं आहे. 1961 च्या जॅग्वार ई-टाइप कूपला मागे एक दार होतं, ते कपाटासारखं बाजूला उघडायचं. व्होल्वोने सत्तरीच्या सुरुवातीला 1800 ईएस काढली. तिचं मागचं दार म्हणजे नुसती काच, भोवती चौकटच नाही. बिजागरं आणि कडी थेट काचेला. गाड्यांच्या प्रदर्शनात ती उभी असली की आमच्या धंद्यातली माणसं तिच्या मागच्या बाजूलाच घोळका करतात, पुढून ती कशी दिसते हे कुणी बघतही नाही.

"मामा, रॅक लावीन ना!" असं तू म्हणणारच. लाव. पण कुठे? पट्ट्यांनी डिकीवर बांधायचा रॅक स्वस्त असतो. त्याचे आकडे झाकणाच्या कडेला अडकतात आणि सगळा भार झाकणाच्या पत्र्यावर येतो. झाकण काचेचं असेल किंवा मागे प्लास्टिकचा स्पॉयलर असेल, तर बहुतेक रॅकवाले स्वतःच नको म्हणतात. गाडीखाली हिच बसवून त्यावर रॅक हा पक्का उपाय आहे. लहान गाड्यांना सव्वा इंची चौकोनी नळीची हिच येते. पण रॅक आणि दोन सायकली मिळून पन्नासेक किलो मागच्या चाकांच्याही मागे लोंबकळतात. हलकी गाडी मागे बसते आणि प्रत्येक चढउतारावर रॅकची शेपटी जमिनीला घासते. शिवाय सायलेन्सरच्या नळ्या कुठे आहेत ते बघ. मधोमध असतील तर लांबच्या चढावर त्यातून निघणारी झळ थेट सायकलच्या टायरवर बसते. कार्बनच्या रिमा असतील तर विचारूच नकोस.

कूपचं छप्पर बुटकं, त्यामुळे टपावर सायकल चढवायला स्टूल लागत नाही, हा एक खरा फायदा. व्हॅक्यूमच्या कपांनी काचेला नि पत्र्याला चिकटणारे रॅकही मिळतात, पत्रा स्वच्छ पुसलेला असेल तर ते धरतातही. पण आय-70 महामार्गावर बाजूने ट्रक जाताना डोक्यावर दोन सायकली डुलतायत या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. आणि टपावर सायकली आहेत हे विसरून गॅरेजात गाडी घालणारे लोक या देशात काही कमी नाहीत.

म्हणून माझं मत, सायकली आत. पावसात भिजत नाहीत, मायलेज खात नाहीत, पेट्रोल भरायला थांबलीस तर कुणी उचलून नेत नाही. पुढचं चाक काढल्यावर माउंटन बाइक साधारण दीड मीटर उरते, दोन्ही चाकं काढली की बरीच आखूड होते. खरी अडचण हँडलची. ते हल्ली पाऊण मीटरहून रुंद असतं आणि उतरत्या काचेखाली तेच अडतं. फ्रेम चेनची बाजू वर करून ठेवायची, मध्ये जुनी चादर, मग दुसरी फ्रेम उलट्या तोंडाने, चाकं सर्वांत वर. सगळं पट्ट्याने आवळून बांध. जोरात ब्रेक लागला तर तेरा-चौदा किलोची सायकल सीटच्या पाठीशी थांबून राहत नाही. वरून घोंगडी टाक, नाहीतर काचेतून चोराला सगळं प्रदर्शन दिसतं.

हे झालं दाराचं. दुसरी गोष्ट तुझ्या गावामुळे आली. तू राहतेस पाच हजार चारशे फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ. 86 च्या कागदावरच्या 205 हॉर्सपॉवर बोल्डरला एकशे सत्तरच्या आसपास उरतात. तुझ्या वाटेवरचा आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे. तिथे त्या एकशे चाळीसच्याही खाली येतात, तेसुद्धा नेमक्या चढावर. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, कारण तो विरळ हवा दाबून आत घालतो. फ्लोरिडातल्या भाचीला मी हे लिहिलं नसतं.

तेव्हा तुझ्यासाठी: मागे मोठं दार, सीटा आडव्या पडणाऱ्या, इंजिन टर्बो.

पहिली पसंती फोक्सवागनची गोल्फ जीटीआय. ती कूप नाही हे मला ठाऊक आहे, नाक मुरडू नकोस. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती इथे दोन दारांतही मिळायची, तशी शोध. सीटा पाडल्या की पन्नासहून जास्त घनफूट, आणि मुख्य म्हणजे मागचं तोंड उभं नि चौकोनी. पुढची चाकं काढून दोन सायकली जातात, दोन मुली पुढे बसतात, आणि वळणावर ती कुठल्याही कूपला लाजवते. पाण्याचा पंप गळतोय का तेवढं बघून घे, हा तिचा जुना आजार आहे.

दुसरी ह्युंदाई वेलोस्टर टर्बो. हिचं ध्यान न्यारंच! ड्रायव्हरच्या बाजूला एक दार, पलीकडे दोन. लोक हसतात, पण ते तिसरं दार चाकं आत सरकवताना देवासारखं धावून येतं. 1.6 लिटर टर्बो, 201 हॉर्सपॉवर, सहा गिअर हाताने टाकायचे. दोन सायकली बसतील, मात्र चारही चाकं काढून. एक लक्षात ठेव. चावी फिरवून सुरू होणाऱ्या तेव्हाच्या बऱ्याच ह्युंदाई नि किया गाड्यांना इमोबिलायझर नव्हता आणि 2022 च्या सुमारास त्या चोरण्याची मुलांमध्ये साथच आली. बटणाने सुरू होणारी घे, किंवा कंपनीची सॉफ्टवेअरची दुरुस्ती झाल्याचा कागद माग. इन्शुरन्सचा आकडाही गाडी घेण्याआधी काढ. तिथे दचकायला होतं.

ऑडी टीटी दिसायला तिघींत देखणी. मागचं दार आहे, टर्बो आहे, चारही चाकं ओढणारी मिळते. पण दुसऱ्या पिढीतल्या टर्बो टीटी इथे बहुतेक डबल क्लचच्या ऑटोमॅटिकच. त्या गिअरबॉक्सचं तेल चाळीस हजार मैलांना बदलावं लागतं आणि आधीच्या मालकाने बदललं नसेल तर त्याची फळं तू भोगणार. तुझा पहिलाच पगार आहे, जरा थांब. अॅक्युरा आरएसएक्स मला मनापासून आवडते, मागचं दारही छान. पण तिचं उत्पादन 2006 मध्येच थांबलं. आज मिळते ती एकतर गंजलेली, नाहीतर कुणीतरी तिच्यावर हात साफ करून घेतलेली. त्यातून टर्बो नाही.

गाडी बघायला जाशील तेव्हा विकणाऱ्याला सांग, इंजिन गार ठेव. बहुतेक लोक आधी पुढे जातात, तू मागे जा. मागचं दार वर कर आणि सोडून दे. ते जागच्या जागी थांबायला हवं. हळूहळू खाली यायला लागलं तर गॅसचे दांडे थकलेत. थंडीत त्यांतला दाब आणखी उतरतो आणि जानेवारीत तू वाकून सायकल काढत असताना दार तुझ्या पाठीवर येईल. दांडे स्वस्त असतात, त्यासाठी गाडी सोडू नकोस, पण भाव करताना बोल. मग बिजागरांचे बोल्ट बघ. कारखान्यात दार बसवून झाल्यावर गाडी रंगवतात, म्हणून बोल्टच्या डोक्यावर अखंड रंग असतो. कडांवर रंग तडकलेला, पान्याचे ओरखडे उठलेले दिसले तर ते दार कधीतरी काढलंय. का काढलं ते विचार. कारफॅक्सच्या अहवालात नसलेले अपघात तिथे लिहिलेले असतात. जादा टायर ठेवायच्या खड्ड्यात हात घाल. ओल, गाळ किंवा पत्र्याला सुरकुती लागली तर मागून धडक बसलीय, नाहीतर दाराचं रबर गेलंय.

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाच. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी जाड दिसली तरी म्हातारा टायर म्हाताराच. सप्टेंबर ते मे आय-70 च्या त्या डोंगरी पट्ट्यात बर्फाला चालतील असे टायर किंवा चारही चाकं ओढणारी गाडी कायद्याने लागते, तेव्हा हिवाळी टायरांचे पैसे आत्ताच बाजूला काढ. गाडी चालवताना दुसरा गिअर गार असताना टाकून बघ, खरखरला तर क्लचची नि गिअरची आधीच पुष्कळ सेवा झालीय. व्हीआयएन क्रमांक घालून सरकारी साइटवर रिकॉल तपास. शेवटी तुझ्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, गॅरेजात दीडशे-दोनशे डॉलर देऊन गाडी जॅकवर चढव. विकणारा तयार नसेल तर नमस्कार करून निघून ये.

आणि सायकल बरोबर ने. दोन्ही. रूममेटची जुनी व्हॅन आहे म्हणालीस, तीत टाकून ने आणि विकणाऱ्याच्या अंगणातच बसवून बघ. तो हसेल, हसू दे. टेपने मापं घेऊन मी जन्म काढलाय, पण उतरत्या काचेखाली हँडल कुठे अडेल हे टेप सांगत नाही.

शनिवारच्या आधी व्हीआयएन आणि दोन्ही बिजागरांचे जवळून काढलेले फोटो पाठव. मामी विचारतेय, लोणचं पोचलं का.

तुझा,
मामा

ता. क. चाकं काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घालत जा. सामानाखाली लिव्हर दाबला गेला की दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मोअॅबला पोचल्यावर स्क्रूड्रायव्हर शोधत बसावं लागतं. सायकलच्या दुकानात हे तुकडे पडलेले असतात, मागितले तर फुकट देतात.