टाकसाळीची कातर

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून विंचेस्टर तासाभरावर. उतरलेले पर्यटक तडक ग्रेट हॉल गाठतात, कारण तिथल्या भिंतीवर राजा आर्थरचं गोल मेज टांगलंय. साडेपाच मीटर व्यासाचं हे ओकचं धूड आर्थरचं नव्हेच. ते तेराव्या शतकातलं, बहुधा पहिल्या एडवर्डनं हौसेनं करवून घेतलेलं. चांदीसाठी नाण्यांच्या कडा कातरल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना फासावर चढवणारा राजा तो हाच. बनावट मेजापुढे मात्र फोटोसाठी रांग!

मला ओढ होती ती जुन्या बाजारपेठेची, हाय स्ट्रीटची. विंचेस्टरच्या टाकसाळीत चांदीची पेनी पडे. मजुराची दिवसाची कमाई पेनी-दीड पेनी, आणि शतकानुशतकं सर्रास चाले ते नाणंही हे एवढंच. मग पावाला, बियरला मोड आणायची कुठून? पेनीच कापायची. पाठीवरचा क्रॉस जणू आखून दिलेली रेघ. त्यावरून अर्धी, नाहीतर पाव. १२४७ नंतरच्या पेनीचा पाव तुकडा नखाएवढा: दोन कडा सरळ, एक गोल, कोपऱ्यात तीन ठिपके आणि काठाला चार-दोन अक्षरं. त्याच वर्षी क्रॉसच्या भुजा पार काठापर्यंत नेल्या, म्हणजे कुणी कड कातरली तर लगेच दिसावं. टाकसाळीनं कापलं तर व्यवहार, तुम्ही कड कातरलीत तर गुन्हा.

टाकसाळवाल्यांचीही धडगत नव्हती. नाण्यावर त्यांचं नाव असे, त्यामुळे चांदी हिणकस निघाली की गचांडी कुणाची धरायची हे ठरलेलं. ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीनं त्यांना याच गावात बोलावलं आणि बारा दिवसांत अनेकांचे उजवे हात तोडले, वृषणंही छाटली. आज त्याच गावात लोक निवांत कॉफी पीत बसलेले असतात.

तरी खोटी नाणी थांबली नाहीत. तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा, की झाली पेनी. जमिनीत मुलामा सोलवटतो आणि खालचं तांबं हिरवं पडतं.

१२७९ मध्ये एडवर्डनं गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, पाडलं, पुढच्या वर्षी गोल अर्धी पेनी, आणि कापाकापी संपली. पुरून ठेवलेल्या ठेव्यांत बहुतेक अख्ख्या पेन्याच मिळतात. साठवायचं तर तुकडे कोण साठवतो? ते खिशातून पडायचे. म्हणून नांगरलेल्या शेतांत डिटेक्टर फिरवणाऱ्या हौशी मंडळींना ते सुटेसुटे सापडतात. १९९६ च्या खजिन्याविषयीच्या कायद्यानुसार असं एकटं नाणं सहसा ‘खजिना’ ठरत नाही, पण लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या, १९९७ मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये पाव पेनीचीसुद्धा वजनासकट नोंद होते.